डीबगरच्या माहितीपुस्तिकेतील लघुदोष आणि त्यांची शुद्धी : एक चिकित्सक अभ्यास

गोषवारा

संगणकीय प्रोग्रॅममधील दोष शोधण्याच्या साधनाला डीबगर म्हणतात. या साधनासोबत येणारी माहितीपुस्तिका सामान्यतः समीक्षेचा विषय मानली जात नाही. प्रस्तुत लेखात जीएनयू प्रकल्पाच्या जीडीबी या डीबगरची पुस्तिका एक संहिता म्हणून वाचली आहे. तिच्यातील लघुदोषांचे स्वरूप, त्यांचे परिणाम आणि त्यांच्या शुद्धीची शिस्त यांचा विचार मराठीतील पाठशुद्धीच्या परंपरेच्या संदर्भात केला आहे. लहान चूक ही बहुधा गृहीत चौकटीबाहेरच्या वाचकालाच दिसते आणि म्हणून अशा वाचकाने केलेली दुरुस्ती वर्गातच न राहता मूळ ग्रंथापर्यंत पोहोचली पाहिजे, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : डीबगर, माहितीपुस्तिका, लघुदोष, पाठशुद्धी, शुद्धिपत्र.

१. प्रस्तावना

प्रोग्रॅममधील दोषाला इंग्रजीत 'बग' म्हणजे किडा म्हणतात. ९ सप्टेंबर १९४७ रोजी हार्वर्ड विद्यापीठाच्या मार्क-२ या गणकयंत्राच्या एका रिलेत पतंग अडकलेला सापडला आणि तो कामाच्या नोंदवहीत चिकटवून ठेवण्यात आला, ही हकिकत संगणकशास्त्राच्या बहुतेक प्राथमिक पुस्तकांत आढळते. ती सांगताना हा शब्दच त्या दिवशी जन्माला आला असे अनेकदा लिहिले जाते. वस्तुतः यंत्रातील दोष या अर्थाने थॉमस एडिसन याने १८७८ मधील पत्रव्यवहारात हा शब्द वापरलेला आहे. म्हणजे दोषशोधनाचा इतिहास सांगणाऱ्या वाक्यातच एक लहान दोष शिरलेला असतो आणि तो एका पुस्तकातून दुसऱ्या पुस्तकात उतरत राहतो.

डीबगर हे साधन चालू असलेला प्रोग्रॅम मध्येच थांबवते, त्या क्षणी प्रत्येक चलाची किंमत काय आहे ते दाखवते आणि एकेक ओळ पुढे चालवून पाहण्याची सोय करते. वैद्यकातील तपासणीशी त्याची तुलना करता येईल. मात्र या साधनाचा वापर करणारा मनुष्य मुळातच संशयात असतो. त्याचा स्वतःचा प्रोग्रॅम चुकलेला आहे, कोठे ते त्याला ठाऊक नाही, आणि ज्या साधनाने चूक शोधायची ते कसे चालवावे हे तो पुस्तिकेत पाहतो. त्या वेळी पुस्तिका हेच त्याच्याजवळचे एकमेव स्थिर माप असते. मापच किंचित खोटे निघाले तर वाचक मापावर संशय घेत नाही. तो स्वतःच्या प्रोग्रॅमवर, आणि पुष्कळदा स्वतःच्या बुद्धीवर संशय घेतो. पुस्तिकेतील लघुदोषाचा विचार म्हणूनच केवळ मुद्रितशोधनाचा विचार राहत नाही.

२. अभ्यासासाठी निवडलेला ग्रंथ

जीडीबी हा डीबगर रिचर्ड स्टॉलमन याने १९८६ मध्ये जीएनयू प्रकल्पासाठी प्रथम लिहिला. 'डीबगिंग विथ जीडीबी' हे त्याच्या पुस्तिकेचे नाव असून रिचर्ड स्टॉलमन, रोलंड पेश आणि स्टॅन शेब्स यांची नावे तिच्यावर लेखक म्हणून आहेत. प्रत्यक्षात अनेक हातांनी ती वाढत गेली आहे. टेक्सइन्फो या पद्धतीने ती लिहिलेली आहे. या पद्धतीत एकाच मूळ मजकुरापासून पडद्यावर वाचण्याची आणि कागदावर छापण्याची अशा दोन्ही आवृत्त्या तयार होतात. त्यामुळे मुळात केलेली एक दुरुस्ती सर्व आवृत्त्यांत उतरते आणि मुळात राहिलेली एक चूकही सर्व आवृत्त्यांत उतरते.

पुस्तिकेचा परवाना मुक्त प्रकारचा आहे, म्हणजे कोणालाही तिच्या प्रती काढता येतात व बदल करता येतो. परंतु तिचे दोन भाग अपरिवर्तनीय म्हणून जाहीर केलेले आहेत. याच कारणावरून डेबियन या संगणकप्रणालीच्या स्वयंसेवकांनी २००६ साली मतदान करून, अपरिवर्तनीय भाग असलेल्या अशा पुस्तिका पूर्णतः मुक्त मानता येत नाहीत असा निर्णय घेतला. परिणामी डेबियनमध्ये डीबगर मुख्य संग्रहात आणि त्याची पुस्तिका मुख्य संग्रहाबाहेर, अशी विसंगत स्थिती निर्माण झाली. दुरुस्तीचे स्वातंत्र्य हे ज्या चळवळीचे मूलतत्त्व, तिच्याच ग्रंथातील दोन भाग दुरुस्तीच्या कक्षेबाहेर ठेवावेत, ही या पुस्तिकेची पहिली आणि सर्वांत मूलभूत उणीव म्हटली पाहिजे. त्या भागांत तांत्रिक माहिती नाही, मुक्ततेविषयीची भूमिका आहे, हे खरे. तथापि त्याची किंमत तांत्रिक माहिती शोधणाऱ्या वाचकाला मोजावी लागते.

३. पुस्तिकेतील पहिले उदाहरण

पुस्तिकेच्या आरंभी नमुन्यादाखल एक दोषशोधन सविस्तर दिलेले आहे. एम-फोर या नावाचा एक प्रोग्रॅम आहे. एखाद्या लहान नावाच्या जागी ठरवून दिलेला मोठा मजकूर बसवणे हे त्याचे काम. मजकूर कोठे सुरू होतो आणि कोठे संपतो हे कळण्यासाठी त्याला एक प्रारंभचिन्ह आणि एक समाप्तिचिन्ह लागते. ही चिन्हे वापरणाऱ्याला बदलता येतात. एम-फोरच्या एका प्राथमिक आवृत्तीत असे आढळले, की चिन्हे बदलली की काही आज्ञा चालेनाशा होतात.

उदाहरणात कोनी कंसात लिहिलेला 'क्वोट' हा शब्द प्रारंभचिन्ह आणि तसाच लिहिलेला 'अनक्वोट' हा शब्द समाप्तिचिन्ह म्हणून घेतला आहे. रोमन लिपीत कंसासह मोजल्यास पहिल्यात ७ आणि दुसऱ्यात ९ अक्षरे येतात. प्रोग्रॅम योग्य ठिकाणी थांबवून दोन्ही लांब्या पाहिल्या असता प्रारंभचिन्हाची लांबी ९ आणि समाप्तिचिन्हाची ७ अशी उलट भरते. मूळ मजकुरातील दोन ओळींत दोन नावांची अदलाबदल झालेली आहे. डीबगरमधूनच दोन्ही किमती योग्य केल्या जातात, प्रोग्रॅम पुढे चालवला जातो आणि अपेक्षित उत्तर मिळते. दोष म्हणजे केवळ दोन हस्तदोष होते असे दिसते, असा निष्कर्ष पुस्तिका काढते.

दोषशोधनाची सुरुवात एखाद्या भव्य अपघाताने न करता दोन हस्तदोषांनी करणे ही या पुस्तिकेची उत्तम निवड आहे. 'असे दिसते' हा संयमही उल्लेखनीय आहे. मात्र या उदाहरणातून निघणाऱ्या दोन गोष्टी पुस्तिका सांगत नाही, आणि प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने त्याच अधिक महत्त्वाच्या आहेत.

पहिली गोष्ट अशी. एम-फोरची मुळातली दोन्ही चिन्हे प्रत्येकी एकाच अक्षराची आहेत. दोहोंची लांबी सारखीच असल्यामुळे नावांची अदलाबदल झाली तरी काही बिघडत नाही. म्हणजे जे लोक प्रोग्रॅम जसा मिळाला तसाच वापरत होते, त्यांच्यापुढे ही चूक कधीच येणार नव्हती. ती दिसली ती नेहमीची चिन्हे सोडून वेगळी चिन्हे घेणाऱ्याला. चूक सर्वांसाठी तीच होती, परंतु ती उघड होण्यासाठी गृहीत चौकटीबाहेरचा वापरकर्ता यावा लागला.

दुसरी गोष्ट अशी. उदाहरणात झालेली दुरुस्ती ही संगणकाच्या स्मृतीतील दुरुस्ती आहे. चालू प्रोग्रॅममधील दोन किमती बदलल्या. मूळ मजकुरातील दोन ओळी तशाच राहिल्या. प्रोग्रॅम संपतो, डीबगर बंद होतो आणि उदाहरण तेथेच थांबते. पुन्हा तोच प्रोग्रॅम चालवला तर लांब्या पुन्हा उलट भरतील. पुस्तिकेचा हेतू डीबगर शिकवण्याचा असल्याने मूळ ओळी सुधारून दाखवणे तिला आवश्यक वाटले नसावे. परंतु नवशिक्या वाचकाच्या मनावर काम पूर्ण झाले असा ठसा उमटतो. तात्पुरती दुरुस्ती आणि मूळ दुरुस्ती यांतील भेद एका वाक्याने सांगितला असता तर हे उदाहरण अधिक सकस झाले असते.

४. उदाहरणातील लघुदोष आणि त्यांच्या शुद्धीचा पेच

हेच उदाहरण आता शुद्धिकर्त्याच्या दृष्टीने पाहावे. २०१० नंतरच्या दशकातील आवृत्त्यांत उदाहरणाच्या प्रारंभी डीबगरचा आवृत्तिक्रमांक त्या त्या वेळचा छापला जातो, कारण तो आपोआप भरला जातो; त्याच्याच शेजारी स्वामित्वहक्काचे वर्ष मात्र १९९९ असेच राहते. चलांचे पत्ते जुन्या ३२ बिटांच्या यंत्रावरचे आखूड पत्ते आहेत. आजच्या ६४ बिटांच्या यंत्रांवर ते बरेच लांब दिसतात. शेवटी 'प्रोग्रॅम व्यवस्थित संपला' या अर्थाचा जो संदेश दाखवला आहे तो नव्या डीबगरमध्ये त्या शब्दांत येत नाही. तेथे 'इन्फीरिअर' हा पारिभाषिक शब्द, त्याचा क्रमांक आणि प्रक्रियेचा क्रमांक चौकटी कंसात येतो. पुस्तिका जुना संदेश देऊन तो डीबगरकडून आलेला आहे असे स्पष्टीकरणही करते. स्वतःच्या पडद्यावर भलताच संदेश पाहणाऱ्या विद्यार्थ्याला या स्पष्टीकरणाचा उपयोग होण्याऐवजी उपद्रवच होतो.

ही दुरुस्ती वरवर पाहता अगदी सोपी आहे : जुना संदेश काढून नवा घालावा. परंतु तसे केल्यास काय होईल? एम-फोरमधील तो दोष प्राथमिक आवृत्तीतला होता. तेव्हा हे उदाहरण आज नव्याने चालवून पाहण्यासाठी आधी ती जुनी आवृत्ती हवी. फक्त शेवटचा संदेश बदलला तर पत्ते जुन्या यंत्राचे, वर्ष १९९९, आवृत्तिक्रमांक नवा आणि संदेश नवा असा एक मजकूर तयार होईल, जो कोणत्याही यंत्रावर कोणत्याही काळी कधीच उमटला नव्हता. पाठचिकित्सेच्या परिभाषेत याला संमिश्र पाठ म्हणतात. निरनिराळ्या परंपरांच्या पोथ्यांतून सोयीचे पाठ उचलून एकत्र केले की असाच मजकूर बनतो : प्रत्येक शब्द कोठे ना कोठे आधार असलेला, पण संपूर्ण मजकुराला आधार नसलेला. आपोआप भरल्या जाणाऱ्या आवृत्तिक्रमांकाने या उदाहरणात असा संमिश्र पाठ आधीच तयार केला आहे.

तेव्हा येथील योग्य शुद्धी म्हणजे संदेश बदलणे नव्हे. आवृत्तिक्रमांक गोठवावा, आणि 'हे दोषशोधन जुन्या आवृत्तीवर केलेले असून आज काही संदेश वेगळे दिसतील' अशी एक टीप जोडावी, हा मार्ग अधिक प्रामाणिक ठरतो. लहान दिसणाऱ्या दुरुस्तीमागे संपादकीय निर्णय असतो आणि तो निर्णय ग्रंथाचा इतिहास जाणल्याशिवाय घेता येत नाही, हे या उदाहरणावरून स्पष्ट होते.

५. लघुदोषांचे प्रकार आणि त्यांचे वजन

माहितीपुस्तिकेतील लघुदोषांचे ढोबळमानाने तीन प्रकार करता येतात. पहिला प्रकार शुद्धलेखनाचा. स्पष्टीकरणाच्या वाक्यातील एखादा शब्द चुकीच्या अक्षरांनी लिहिला गेला तर वाचक तो मनातल्या मनात सुधारून पुढे जातो. दुसरा प्रकार कालबाह्यतेचा. त्याचे उदाहरण वर आलेच आहे. येथे लिहिताना चूक झालेली नसते. वस्तू बदलते आणि वर्णन मागे राहते. तिसरा प्रकार अर्थघाताचा. यात वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष असते, शब्द शुद्ध असतात आणि तरीही विधान खोटे असते.

तिसरा प्रकार सर्वांत घातक होय. ब्रेकपॉइंट म्हणजे प्रोग्रॅम जेथे थांबवायचा ती खूण. ती ज्या ओळीवर लावली असेल ती ओळ चालण्यापूर्वी प्रोग्रॅम थांबतो. समजा, एखाद्या पुस्तिकेत 'पूर्वी' या शब्दाच्या जागी 'नंतर' असे पडले. वाक्य सुरळीत वाचले जाईल. पण विद्यार्थी त्या ओळीवरील चलाची किंमत पाहील, तेथे जुनीच किंमत सापडेल आणि बेरीज करणारी ओळ बिघडली आहे अशी त्याची खात्री होईल. निर्दोष ओळीत दोष शोधण्यात त्याची दुपार जाईल.

काही वेळा एकच अक्षर पुरते. स्मृतीतील मजकूर पाहण्याच्या आज्ञेचे पुस्तिकेतले एक उदाहरण तीन अर्धशब्द दाखवण्यास सांगते आणि त्यासाठी 'एच' हे अक्षर वापरते. अर्धशब्द म्हणजे २ बाइट. एकूण ६ बाइट दिसतील. त्या जागी पूर्ण शब्दाचे 'डब्ल्यू' पडले तर प्रत्येकी ४ प्रमाणे १२ बाइट दिसतील आणि प्रत्येक संख्या वेगळी येईल. त्याचप्रमाणे 'डिलीट' ही आज्ञा ब्रेकपॉइंट त्याच्या क्रमांकावरून काढते आणि 'क्लिअर' ही आज्ञा स्थानावरून काढते. नुसते 'डिलीट' म्हटले तर सगळेच ब्रेकपॉइंट जातात. या दोन शब्दांची अदलाबदल ही छपाईच्या दृष्टीने क्षुल्लक, परंतु परिणामाच्या दृष्टीने मोठी चूक ठरेल. सारांश, चुकीचे वजन तिच्या आकारावरून ठरत नाही. ती आज्ञेत आहे की स्पष्टीकरणात, आणि ती वाचकाला दिसते की लपून राहते, यावरून ठरते.

६. शुद्धीची शिस्त

अशा दुरुस्त्यांसाठी जीडीबी प्रकल्पाने काही नियम घालून घेतले आहेत. उघड दुरुस्तीला पूर्वपरवानगीची गरज नाही, असा एक नियम आहे; आणि 'उघड' म्हणजे काय याची कसोटीही मार्मिक आहे. आपल्या कामाचा सर्वाधिक तिटकारा असलेल्या व्यक्तीलाही या बदलात खोट काढता येणार नाही, अशी खात्री वाटली तरच तो बदल उघड समजावा. जीएनयू प्रकल्पाच्या देखभालकर्त्यांसाठीच्या सूचनांनुसार सुमारे १५ ओळींपर्यंतचा बदल कायद्याच्या दृष्टीने महत्त्वाचा मानला जात नाही आणि त्यासाठी स्वामित्वहक्काचे कागदपत्र लागत नाहीत. म्हणजे लहान दुरुस्ती करणाऱ्यासाठी दार मुद्दाम रुंद ठेवलेले आहे.

पुस्तिकेतील दोष कळवण्याविषयीचे प्रकरण हा तिचा सर्वांत वाचनीय भाग होय. वस्तुस्थिती सर्व कळवावी, एखादा तपशील द्यावा की वगळावा असा संभ्रम पडल्यास तो द्यावा, दोषाच्या कारणाविषयीचे तर्क बहुधा चुकीचे असतात, आणि दुरुस्ती सुचवली तरी मूळ पुरावा वगळू नये, असा त्याचा आशय आहे. याच प्रकल्पातील ईमॅक्स या प्रोग्रॅमची पुस्तिका तर असे मानते, की दोन ठिकाणची माहिती परस्परविरोधी असेल तर त्यांपैकी एक चुकीची असलीच पाहिजे, आणि माहितीतील दोष कळवणे हे प्रोग्रॅममधील दोष कळवण्याइतकेच महत्त्वाचे आहे. या विधानात एक महत्त्वाचे तत्त्व आहे. पुस्तिका आणि प्रोग्रॅम यांत विसंगती दिसली म्हणजे पुस्तिकाच चुकली असे नव्हे. कदाचित पुस्तिका बरोबर असेल आणि प्रोग्रॅम चुकला असेल. शुद्धिकर्त्याने आधी दोष कोणत्या बाजूला आहे हे ठरवले पाहिजे.

चूक शोधणाऱ्याचा सन्मान करण्याची प्रथाही या शास्त्रात आहे. डोनाल्ड क्नूथ हे आपल्या ग्रंथांतील प्रत्येक नवी चूक प्रथम दाखवणाऱ्यास २.५६ डॉलरचा धनादेश देत. २५६ सेंट म्हणजे षोडशमान पद्धतीतील एक डॉलर, हा त्यातील विनोद. २००८ पासून बँकेच्या धनादेशाऐवजी ते एका काल्पनिक बँकेचे प्रमाणपत्र देऊ लागले. रक्कम क्षुल्लक असली तरी अनेकांनी ते धनादेश न वटवता जपून ठेवले. ग्रंथकर्त्याने स्वतः आपल्या चुकांची किंमत ठरवून ती जाहीर करावी, ही विद्याव्यवहारातील निरोगी खूण आहे.

७. मराठी परंपरेचा संदर्भ

ही शिस्त मराठी वाचकाला अपरिचित वाटू नये. शके १५०६ म्हणजे १५८४ मध्ये संत एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. मूळ रचना शके १२१२ ची; मधल्या सुमारे तीनशे वर्षांत हस्तलिखितांतून अपपाठ शिरले होते. एकनाथ स्वतः श्रेष्ठ कवी होते. तरीही शुद्धीच्या निमित्ताने त्यांनी ग्रंथात आपली भर घातली नाही आणि पुढे कोणी तशी भर घालू नये असेही बजावले. शुद्धी आणि सुधारणा यांतील सीमारेषा इतक्या स्पष्टपणे आखली जाणे हे विशेष होय. पुढे १८४५ मध्ये बाळशास्त्री जांभेकर यांनी ज्ञानेश्वरी शिळाप्रेसवर छापली. जांभेकरांचे पोंभुर्ले हे जन्मगाव त्या काळी रत्नागिरी जिल्ह्यात मोडत होते; १९८१ पासून ते सिंधुदुर्ग जिल्ह्यात आहे. छपाईने प्रत स्थिर होते, त्याचबरोबर तिच्यातील चूकही स्थिर होते. शुद्धिपत्राची गरज तेथूनच निर्माण झाली.

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. वि. सी. सुखटणकर यांची आदिपर्वाची प्रस्तावना १९३३ ची आणि संहितेचे काम १९६६ मध्ये पूर्ण झाले. पोथ्यांचा आधार नसताना केवळ तर्काने पाठ सुधारण्याचा मोह या आवृत्तीत शक्यतो टाळलेला आहे, आणि ज्या पाठाची खात्री कमी त्याखाली नागमोडी रेघ ओढलेली आहे. संपादकाने आपल्या अनिश्चितीची खूण पानावरच ठेवावी, हा आदर्श माहितीपुस्तिकांनी घेण्यासारखा आहे. एम-फोरच्या उदाहरणाखाली वर सुचवलेली टीप ही अशीच एक नागमोडी रेघ होय.

रत्नागिरीच्या दृष्टीने सर्वांत जवळचा दाखला ज्योतिषातील करणग्रंथांचा आहे. करणग्रंथ म्हणजे ग्रहगणिताची माहितीपुस्तिकाच : सिद्धान्ताची चर्चा कमी आणि गणित कसे करावे याच्या सूचना अधिक. कोकणातील नांदगावच्या केशव दैवज्ञांनी शके १४१८ म्हणजे १४९६ मध्ये 'ग्रहकौतुक' रचले. जुन्या ग्रंथांनुसार येणारी ग्रहस्थिती आणि आकाशात दिसणारी स्थिती यांत अंतर पडते, आणि ते पुढेही पडत राहील. म्हणून पुढच्या चांगल्या गणकांनी प्रत्यक्ष वेध घेऊन गणित सुधारावे, अशी त्यांची भूमिका होती. त्यांचे पुत्र गणेश दैवज्ञ यांनी शके १४४२ म्हणजे १५२० मध्ये 'ग्रहलाघव' लिहिला आणि तो महाराष्ट्रात पंचांगांचा आधार बनला. या सर्व परंपरेची चिकित्सा शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी १८९६ च्या 'भारतीय ज्योतिषशास्त्र' या ग्रंथात केली. दीक्षितांचा जन्म १८५३ मध्ये दापोली तालुक्यातील मुरूड येथे झाला. त्यांचे आयुष्य शिक्षकी पेशात गेले. ग्रंथ आणि आकाश यांत विसंगती आली तर ग्रंथ तपासावा, आणि ग्रंथकर्त्यानेच तसे निमंत्रण द्यावे, हा विचार कोकणात पाचशे वर्षांपूर्वी मांडला गेला होता.

८. महाविद्यालयीन अध्यापन आणि लघुदोष

या पार्श्वभूमीवर महाविद्यालयीन व्यवहाराकडे पाहिले असता एक विसंगती जाणवते. लांजा, राजापूर, संगमेश्वर अशा तालुक्यांतून रत्नागिरीत संगणकशास्त्र शिकण्यासाठी येणारे अनेक विद्यार्थी मराठी माध्यमातून आलेले असतात. इंग्रजी पुस्तिका ते शब्द न् शब्द लावून वाचतात. सरावलेला वाचक वाक्यातील चूक नकळत दुरुस्त करून पुढे जातो. हा विद्यार्थी तेथे अडतो. प्रयोगशाळेतील यंत्र वा प्रणालीची आवृत्ती पुस्तिकेच्या गृहीतकापेक्षा वेगळी असली तर तो दुसऱ्यांदा अडतो. एम-फोरच्या उदाहरणातील वेगळी चिन्हे घेणाऱ्या वापरकर्त्यासारखी त्याची स्थिती असते. चूक त्याला दिसते, कारण तो गृहीत चौकटीत बसत नाही. परंतु चुकीचे धनीपण तो ग्रंथाकडे न देता स्वतःकडे घेतो.

अशा वेळी अध्यापक काय करतो? अनुभवी अध्यापक फळ्यावर योग्य आज्ञा लिहून देतो आणि पुस्तिकेतील ती ओळ सोडून द्यावी असे सांगतो. वर्गाचे काम भागते. पुढच्या वर्षी नवी तुकडी येते, तीच ओळ वाचते, तेथेच अडते आणि फळ्यावर तीच दुरुस्ती पुन्हा होते. ही स्मृतीतील दुरुस्ती होय. चालू सत्रापुरती किंमत बदलली. मूळ मजकूर तसाच राहिला. एका महाविद्यालयात वर्षानुवर्षे होणारी दुरुस्ती दुसऱ्या महाविद्यालयाला कळत नाही, मूळ ग्रंथाच्या संपादकांना तर मुळीच कळत नाही.

याचे एक कारण भाषेचा संकोच हे आहे. दुसरे कारण मूल्यमापनाच्या व्यवस्थेत आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांत शोधनिबंध, ग्रंथ, अनुवाद, संशोधन प्रकल्प, मार्गदर्शन यांना गुण आहेत. दुसऱ्याच्या ग्रंथातील चूक शोधून ती पुराव्यानिशी सिद्ध करणे आणि मूळ ग्रंथात दुरुस्त करवून घेणे यासाठी स्वतंत्र शीर्षक नाही. अशा एका दुरुस्तीसाठी ग्रंथाचा इतिहास, प्रोग्रॅमचे प्रत्यक्ष वर्तन आणि भाषेचे भान या तिन्हींची गरज असते, हे वर पाहिले आहे. संशोधनवृत्तीचे हे लक्षण गुणांच्या तक्त्यात बसत नाही म्हणून ते कमी प्रतीचे ठरत नाही.

येथे एक आक्षेप संभवतो. दुरुस्त्यांना गुण दिले तर स्वल्पविरामांचा पाऊस पडेल आणि संपादकांना काम वाढेल. हा आक्षेप निराधार नाही. म्हणूनच गुणांपेक्षा शिस्तीची मागणी करणे अधिक उचित ठरेल. संगणकशास्त्राच्या प्रात्यक्षिकांत नमुना प्रोग्रॅमबरोबर पुस्तिकेतील एक पानही तपासण्यास द्यावे. विद्यार्थ्याने प्रत्येक आज्ञा प्रत्यक्ष चालवावी, जे लिहिले आहे व जे दिसले ते शेजारी शेजारी नोंदवावे, विसंगती आढळल्यास दोष कोणत्या बाजूला आहे याचा निर्णय पुराव्यासह द्यावा. निर्णय होत नसेल तर तसे लिहावे. विभागाने अशा नोंदींची एक वही ठेवावी, आणि जी दुरुस्ती तिटकारा करणाऱ्याच्या कसोटीला उतरेल ती मूळ संपादकांकडे पाठवावी. या कामी भाषाविभागाचा सहभाग घेतल्यास संगणकाच्या विद्यार्थ्याला पाठचिकित्सेची आणि भाषेच्या विद्यार्थ्याला जिवंत संहितेची ओळख होईल. बहुविद्याशाखीयता ही संज्ञा केवळ नियतकालिकाच्या मुखपृष्ठावर न राहता प्रयोगशाळेत येण्याचा हा एक कमी खर्चाचा मार्ग आहे.

९. निष्कर्ष

जीडीबीची पुस्तिका ही एकंदरीत विचारपूर्वक घडवलेली आणि दुरुस्तीला मोकळी अशी संहिता आहे. तिचे प्रारंभीचे उदाहरण लहान चुकीचे महत्त्व उत्तम रीतीने दाखवते. मात्र तात्पुरत्या दुरुस्तीवर थांबते आणि कालांतराने स्वतःच संमिश्र पाठाचा नमुना बनते. अपरिवर्तनीय भागांमुळे काही वाचकांपासून ती दूर जाते. तिच्याभोवतीची शुद्धीची शिस्त मात्र अनुकरणीय आहे : दोष कोणत्या बाजूचा ते ठरवणे, वस्तुस्थिती आणि तर्क वेगळे ठेवणे, आवश्यक तेवढाच बदल करणे. एकनाथ, सुखटणकर आणि केशव दैवज्ञ यांच्या परंपरेशी ही शिस्त जुळणारी आहे.

लघुदोष हा बहुसंख्यांना दिसत नाही; केंद्रापासून दूर असलेल्या, वेगळ्या भाषेतून व वेगळ्या यंत्रावरून वाचणाऱ्या वाचकाला तो दिसतो. रत्नागिरीसारख्या ठिकाणचा विद्यार्थी ज्या ओळीवर अडतो, ती ओळ त्याच्या उणिवेची खूण असेलच असे नाही; कित्येकदा ती ग्रंथाच्या उणिवेची खूण असते. त्याला हे सांगणे आणि त्याची दुरुस्ती फळ्यावर न ठेवता मूळ मजकुरापर्यंत नेणे, हे अध्यापकाच्या कर्तव्यात मोडते. फळ्यावरची दुरुस्ती त्या वर्षीच्या वर्गापुरती राहते. मुळातली दुरुस्ती पुढील प्रत्येक वाचकाला मिळते.